हेन्री दुसरा

(५ मार्च ११३३–६ जुलै ११८९). इंग्लंडचा राजा (कार. ११५४–८९) आणि प्लँटॅजेनेट घराण्यातील तेथील पहिला सत्ताधीश. जन्म फ्रान्समधील ल माँ येथे. आंजूचा काउंट जेफ्री हा त्याचा पिता, तर इंग्लंडच्या पहिल्या हेन्रीची मुलगी मटिल्डा ही माता. वारशाने आणि ॲक्विटेनच्या एलिनॉरशी ११५२ मध्ये झालेल्या विवाहामुळे त्याला स्कॉटलंडच्या सीमेपासून पिरेनीज पर्वतापर्यंतचा मुलूख मिळाला. त्यातील नॉर्मंडी आणि आंजू त्याचा मुलगा जॉन याने पुढे गमावले. हेन्रीने बसवलेली न्यायाची घडी मात्र मोडली नाही.

त्याच्या आधीचा राजा स्टीफन याच्या काळात माजलेल्या यादवीत जमिनी बळकावण्याला ऊत आला होता. हेन्रीने त्यावर साधा उपाय काढला. जमिनीवरून हुसकावलेल्या माणसाने शुल्क भरून राजाचा हुकूमनामा घ्यायचा; मग शेरिफने (परगण्यातील राजाच्या अधिकाऱ्याने) परिसरातील बारा जणांना जमीन दाखवून राजाच्या न्यायाधीशांपुढे उभे करायचे. त्यांना मालक कोण हे विचारले जात नसे. वादीला न्यायनिवाड्याविना हुसकावले का, एवढेच त्यांनी सांगायचे. हुसकावले असल्यास ताबा परत. मालकीचा वाद नंतर. ही सोय फक्त स्वतंत्र प्रजाजनांसाठी होती. जमीनदाराला बांधलेल्या कुळांना राजाचे दार बंदच राहिले.

क्लॅरंडनच्या फर्मानाने (११६६) गावोगावच्या जाणत्यांवर खुनी, दरोडेखोर यांची नावे शपथेवर सांगण्याची जबाबदारी आली. निवाडा मात्र ‘दिव्य’ करूनच, म्हणजे देवाचा कौल मानल्या जाणाऱ्या परीक्षेनेच होई. आरोपीला बांधून पाण्यात सोडत. बुडाला तर निर्दोष, तरंगला तर दोषी. हेन्रीचा या दिव्यावर फारसा भरवसा नसावा, कारण त्यातून सुटलेल्या बदनाम माणसालाही देश सोडावा लागे. १२१५ मध्ये चर्चने धर्मगुरूंना दिव्यात भाग घेण्यास मनाई केल्यावर इंग्लंडमध्ये ज्यूरीच, म्हणजे शपथ घेतलेल्या सामान्य लोकांचे मंडळच, दोष ठरवू लागली.

फिरते न्यायाधीश सगळीकडे एकच रीत लावत, त्यामुळे स्थानिक रूढींच्या जागी देशभराचा सामाईक कायदा, म्हणजे ‘कॉमन लॉ’, आकाराला आला. यामागे निव्वळ न्यायप्रेम नव्हते. दंड आणि शुल्क राजाच्या खजिन्यात पडे आणि सरदारांच्या न्यायसभांचे महत्त्व घटे. चर्चपुढे मात्र त्याचे चालले नाही. गुन्हेगार धर्मगुरूंच्या शिक्षेवरून कँटरबरीचा आर्चबिशप टॉमस बेकेट याच्याशी त्याचे बिनसले. २९ डिसेंबर ११७० रोजी राजाच्या चार सरदारांनी बेकेटचा कॅथीड्रलमध्येच खून केला. ११७४ मध्ये हेन्रीने त्याच्या कबरीपाशी फटके खाऊन प्रायश्चित्त घेतले. गुन्हेगार धर्मगुरूंवरचा हक्क त्याला बव्हंशी सोडावा लागला.

ब्रिटिश अमलाबरोबर कॉमन लॉ आणि ज्यूरी भारतात आली. मुंबईतील नानावटी खटल्यात (१९५९) ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी आरोपीला निर्दोष ठरवले. तो कौल न पटल्याने सत्र न्यायाधीशांनी प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाकडे पाठवले आणि तेथे आरोपीला जन्मठेप झाली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला जागा उरली नाही.