म्हाताऱ्या कुत्र्याचा पाय दुखतोय? आधी किडनी तपासा

अकरा वर्षांचा लॅब्रॅडॉर जिना उतरताना घसरतो आणि मागचा पाय टेकेनासा होतो. घरात लगेच दोन गोष्टी होतात. कुणीतरी म्हणतं, ‘वय झालं आता त्याचं’, आणि कुणीतरी औषधांच्या डब्यातून अंगदुखीची गोळी शोधून काढतं. पहिलं वाक्य अर्धवट खरं आहे. दुसरी गोष्ट त्याच्या जिवावर बेतू शकते. उतारवयात कुत्र्याची दुखापत एकीकडे आणि आजार दुसरीकडे असं नसतं. पायावर कोणते उपचार करता येतील, हे पुष्कळदा त्याची किडनी ठरवते.

आधी पायाचं पाहू. मोठ्या जातीचा कुत्रा मागच्या पायाने लंगडायला लागला, तर पहिला संशय क्रुसिएट लिगामेंटवर, म्हणजे गुडघ्यातली हाडं जागेवर धरून ठेवणाऱ्या पट्ट्यावर जातो. फुटबॉल खेळणाऱ्या माणसाचं हे लिगामेंट एका झटक्यात तुटतं. कुत्र्यात मात्र ते महिनोन्‌महिने विरत जातं आणि उरलेले धागे एखाद्या साध्या उडीत तुटतात. ही झीज बहुधा दोन्ही गुडघ्यांत चालू असते, म्हणूनच एक लिगामेंट तुटलेल्या कुत्र्यांपैकी 40 ते 60 टक्के कुत्र्यांचं दुसरंही पुढे तुटतं. असा कुत्रा उभा असताना त्या पायाची फक्त बोटं टेकवतो. बसताना पाय नीट दुमडत नाही, बाजूला फेकून बसतो. मागे बसून दोन्ही मांड्या दोन हातांनी एकाच वेळी चाचपून पाहा. एक मांडी बारीक लागली तर दुखणं कालचं नाही, जुनं आहे. मोठ्या जातींमध्ये हाडाचा कॅन्सरही आधी लंगडण्यातूनच दिसतो, म्हणून लंगडणं दोन आठवड्यांत कमी झालं नाही तर एक्स-रे टाळू नका.

कुत्रा केकाटत नाही म्हणजे त्याला दुखत नाही, हा समज सोडून द्या. जुनं दुखणं आवाज करत नाही. सोफ्यावर चढणं बंद होतं, रात्री कूस बदलत राहणं आणि धापा टाकणं सुरू होतं, एकच सांधा सतत चाटला जातो, पाठीवरून हात फिरवला की अंग चोरलं जातं. दुखणं आहे हे एकदा ठरलं की औषधाचा प्रश्न येतो, आणि तिथे किडनी मध्ये येते.

किडनी लवकर तक्रार करत नाही. तिच्यातल्या सुमारे दोन तृतीयांश गाळण्या निकामी झाल्या की लघवी घट्ट करण्याची ताकद जाते. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ, वाढायला मात्र तीन चतुर्थांश गाळण्या जाव्या लागतात. त्यात क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंमधून. मांड्या सुकलेल्या म्हाताऱ्या कुत्र्यात ते मुळातच कमी बनतं, त्यामुळे रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो आणि सगळे निश्चिंत होतात. म्हणून रक्ताबरोबर लघवी तपासायला सांगा. सकाळची पहिली लघवी स्वच्छ धुऊन वाळवलेल्या डावात किंवा पसरट ताटलीत धरा आणि तासाभरात लॅबला पोचवा. निरोगी किडनीचा कुत्रा सहसा 1.030 पेक्षा जास्त घनतेची लघवी करतो. ती वारंवार 1.008 ते 1.012 च्या दरम्यान आली, तर किडनी पाणी जसंच्या तसं सोडून देतेय. सोबत लघवीतल्या प्रथिनांचं क्रिएटिनिनशी गुणोत्तर काढतात, ते 0.5 च्या वर गेलं की काळजीचं. रक्तदाब 160 च्या वर राहिला तर त्यावरही औषध लागतं. आपल्याकडे गोचीडतापाचा जुना संसर्गही किडनीच्या गाळण्या खराब करतो, त्यामुळे लघवीत प्रथिनं सापडली की गोचीडतापाची तपासणी करून घ्यावी.

घरी करण्यासारखी चाचणी एकच, पण मोलाची आहे. सकाळी मोजून पाणी ठेवा, दुसऱ्या सकाळी उरलेलं मोजा, असं सलग तीन दिवस करा. दिवसाला वजनाच्या किलोमागे 100 मिलीपेक्षा जास्त पाणी पोटात जात असेल, म्हणजे 20 किलोचा कुत्रा दोन लिटरच्या वर पीत असेल, तर ते उन्हाळ्याच्या माथी मारू नका. किडनी, मधुमेह, कुशिंग (स्टेरॉइड संप्रेरक जास्त झाल्याचा आजार), आणि नसबंदी न झालेल्या मादीत गर्भाशयातला पू, यांतलं काहीही असू शकतं. आणि तो जास्त पाणी पितो म्हणून पाण्याचं भांडं कधीही उचलून ठेवू नका. आधीच पाणी गमावणारी किडनी त्याने आणखी ढासळते.

आता त्या गोळीकडे वळू. सूज उतरवणारी वेदनाशामकं शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं बनू देत नाहीत. सांध्यात ही द्रव्यं सूज आणि दुखणं वाढवतात. किडनीत मात्र तीच, रक्तदाब उतरला किंवा अंगातलं पाणी कमी झालं की, गाळणीकडे जाणारी धमनी रुंद करून रक्त पोचवत राहतात. गोळीने तो आधारच काढून घेतला जातो. तरुण, भरपूर पाणी प्यायलेल्या कुत्र्याचं त्यात सहसा काही बिघडत नाही. अर्धी किडनी गेलेल्या, कालपासून उलट्या करणाऱ्या कुत्र्याची उरलेली किडनी दोन-तीन दिवसांत बसू शकते. डायक्लोफेनॅक काय करू शकतं हे या देशाने आकाशात पाहिलं आहे. ते टोचलेल्या जनावरांचं मांस खाऊन गिधाडांच्या किडन्या निकामी झाल्या आणि पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं 99 टक्क्यांहून अधिक घटली. 2006 मध्ये भारताने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. माणसांच्या औषधांच्या डब्यात मात्र ते अजून असतं. तेही आणि अंगदुखीवरचं आयब्युप्रोफेनही कुत्र्यांना घातक आहे.

याच गटातलं मेलॉक्सिकॅम हे कुत्र्यांचंही औषध आहे, पण मात्रा बघा. पहिल्या दिवशी किलोमागे 0.2 मिलिग्रॅम, पुढे रोज 0.1. म्हणजे 10 किलोच्या कुत्र्याला दुसऱ्या दिवसापासून 1 मिलिग्रॅम. माणसाची गोळी 7.5 किंवा 15 मिलिग्रॅमची असते. 15 ची ‘अर्धीच दिली’ म्हणताना साडेसातपट मात्रा गेलेली असते. कुत्र्यांसाठीचं द्रवरूप औषध आणि त्याचीच मापाची सिरिंज वापरा, खाण्यानंतर द्या, आणि ज्या दिवशी उलटी, जुलाब किंवा जेवणावरची वासना गेलेली दिसेल त्या दिवशी डोस देऊ नका, आधी फोन करा. स्टेरॉइडबरोबर हे औषध कधीच जात नाही. एकावरून दुसऱ्यावर जाताना मधे काही दिवस रिकामे ठेवावे लागतात, नाहीतर पोटात व्रण होतात आणि शी डांबरासारखी काळी येते. औषध सुरू करण्यापूर्वी रक्त-लघवी, दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा, आणि पुढे चालू राहिलं तर दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी हवी. एवढी तपासणी टाळून ते देण्यात अर्थ नाही.

किडनी कमजोर निघाली म्हणून कुत्र्याला दुखत ठेवायचं असं मुळीच नाही. गॅबापेंटिनसारखी दुसऱ्या मार्गाने काम करणारी औषधं असतात. तीही किडनीतूनच बाहेर पडतात, म्हणून मात्रा कमी ठेवतात. माणसांसाठीचं गोड सिरप घेण्याआधी त्यात साखरेऐवजी घातलेला झायलिटॉल नाही ना, ते वाचा, तो कुत्र्यांना विषारी आहे. आणि औषधाइतकंच काम फरशी करते. आपल्या घरातल्या गुळगुळीत टाइल्स म्हाताऱ्या कुत्र्याच्या शत्रू आहेत. मागचे पाय फाकतात, लिगामेंटवर ताण येतो आणि पडायच्या भीतीने तो पाण्यापर्यंतही जात नाही. झोपायच्या जागेपासून पाण्यापर्यंत आणि दारापर्यंत रबरी योगा मॅटची सलग वाट करा. पंजाच्या गाद्यांमधले केस कापा, चालताना नखांचा टकटक आवाज येत असेल तर नखंही. उठवताना ओढणीची घडी पोटाखालून, मांड्यांच्या अगदी पुढून घ्या आणि दोन्ही टोकं वर धरून मागचा भार उचला. नर असेल तर लघवीच्या जागेवर ओढणी दाबली जात नाही ना हे बघा. पुढचे पाय धरून कधीही उचलू नका.

वजनाच्या बाबतीतही किडनीला विचारावं लागतं. जाड कुत्र्याचं वजन सहा-सात टक्के उतरलं तरी लंगडणं मोजण्याइतकं कमी होतं. 35 किलोच्या कुत्र्यात हे जेमतेम सव्वादोन किलो भरतं. 48 लॅब्रॅडॉरवर 14 वर्षं चाललेल्या एका अमेरिकन अभ्यासात, जोडीला लावलेल्या भावंडापेक्षा 25 टक्के कमी खाणारी कुत्री सरासरी पावणेदोन वर्षं जास्त जगली आणि त्यांचे सांधेही उशिरा बिघडले. पण हे किडनी ठीक असतानाचं गणित आहे. किडनीचा रुग्ण आपोआप बारीक होत असेल तर त्याचं कौतुक करू नका, ते स्नायू जात असतात.

किडनीच्या पुढच्या टप्प्यात डॉक्टर बऱ्याचदा घरी कातडीखाली सलाईन द्यायला सांगतात. दवाखान्यात एकदा समोर करून दाखवायला सांगा. हे काम वाटतं त्यापेक्षा सोपं आहे. रिंगर लॅक्टेट, म्हणजे आरएलची बाटली 10 मिनिटं कोमट पाण्यात ठेवा. थंड सलाईन बोचतं आणि कुत्रा दुसऱ्या वेळी पळतो. बाटली खिडकीच्या गजाला, कुत्र्यापासून तीन-चार फूट उंच टांगा, नळीतली हवा जाऊ द्या, नळीवरचं चाक बंद करा. खांद्यांच्या मधली सैल कातडी चिमटीत धरून वर ओढली की खाली तंबूसारखी पोकळी होते. 18 नंबरच्या सुईचं तिरपं तोंड वर ठेवून, पाठीला समांतर, त्या पोकळीच्या बुडाशी सुई पूर्ण आत घाला, कातडी सोडा, चाक पूर्ण उघडा. थेंब पडत नसतील तर सुई किंचित फिरवा किंवा थोडी मागे घ्या. केस ओले झाले तर सुई आरपार गेली आहे, ती काढून नवी सुई घ्या. प्रमाण डॉक्टर ठरवतात. साधारण किलोमागे 10 ते 20 मिली एका वेळी देतात, म्हणजे 15 किलोच्या कुत्र्याला 150 ते 300. खांद्यावर मऊ उंचवटा येतो, तो घसरत पुढच्या पायाकडे उतरतो आणि सहा ते आठ तासांत जिरतो. दुसऱ्या दिवशीही तो तसाच असेल तर पुढचा डोस थांबवा. जागा लाल आणि गरम झाली तर संसर्ग आहे. ग्लुकोजची बाटली कातडीखाली कधीही देऊ नका. ती तिथे पाणी आणि क्षार ओढून घेते आणि जंतूंचं फावतं. सुई दरवेळी नवी. गढूळ दिसणारी बाटली फेकून द्या.

सलाईनचा एक धोका हृदयाशी जोडलेला आहे. हृदय कमजोर असेल तर जादा पाणी फुप्फुसात साठतं. म्हणून रोज कुत्रा गाढ झोपलेला असताना मिनिटभर श्वास मोजा, छाती वर-खाली झाली की एक. आकडा 30 च्या आत हवा. तो सलग वर राहिला तर सलाईन बंद करून लगेच डॉक्टरांना कळवा.

खाण्यात मुख्य वैरी फॉस्फरस असतो. हाडं, कलेजी, दूध पावडर बंद. भात, अंड्याचा पांढरा भाग, थोडं चिकन आणि उष्मांकांसाठी वरून तेल, हे प्रमाण मात्र डॉक्टरांकडून आखून घ्या, कारण प्रथिनं फार कापली तर स्नायू आणखी जातात. वाटीपर्यंत येऊन, ओठ चाटून, तोंड फिरवणारा कुत्रा नखरे करत नसतो, त्याला मळमळत असतं. मळमळ थांबवणारी गोळी जेवणाच्या तासभर आधी दिली तर तो खातो. द्राक्षं आणि मनुका किडनीला घातक हे पुष्कळांना माहीत आहे. त्यांतलं टार्टारिक आम्ल हे कारण असावं असं अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी अलीकडे मांडलं, आणि त्यात चिंच खाल्लेल्या कुत्र्यांच्याही किडन्या बंद पडल्याच्या नोंदी होत्या. चिंच घातलेली आमटी भातावर ओतून द्यायची सवय आजच मोडा.

कुत्रा अंथरुणाला खिळला तर चार इंच जाडीचा फोम घाला आणि दर चार तासांनी कूस बदला. आधी छातीवर बसवा, मग दुसऱ्या बाजूला झोपवा. कोपर, खांदा आणि खुब्याचं हाड इथे कातडी लालसर झाली की व्रण सुरू झाला. लघवीने भिजलेली कातडी धुऊन पूर्ण कोरडी करा. लहान मुलांच्या रॅशचं झिंक असलेलं क्रीम लावू नका, ते चाटलं जातं आणि झिंक विषारी आहे. पावसाळ्यात लघवी साफ करताना हातमोजे घाला, लघवीतून पसरणारा लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) माणसालाही होतो. पावसाळ्यातच जखमेत अळ्या पडतात. माशीने घातलेली अंडी दिवसभरात फुटतात, म्हणून सकाळ-संध्याकाळ शेपटीखाली, कानात, मांड्यांच्या मधे उजेडात पाहा आणि दिवसाही मच्छरदाणी लावा. अळ्या दिसल्या तर फिनाईल किंवा रॉकेल ओतू नका, दवाखाना गाठा.

कधी थांबायचं याचा विचार आधीच करावा. अमेरिकन पशुवैद्य अ‍ॅलिस व्हिलालोबॉस यांनी त्यासाठी सात गोष्टी सांगितल्या: वेदना आणि श्वास, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईटांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकीला दहापैकी गुण. बेरीज 35 च्या वर असेल तर सांभाळत राहण्यात अर्थ आहे. घरातल्या प्रत्येकाने आठवड्यातून एकदा स्वतंत्रपणे गुण द्यावेत, कारण जो दिवसभर सोबत असतो त्याला हळूहळू होणारी घसरण सर्वांत उशिरा दिसते. दयामरणाची वेळ आलीच तर आधी गुंगीचं इंजेक्शन आणि मगच भुलीच्या औषधाची जास्त मात्रा, हा क्रम डॉक्टरांशी आधी बोलून ठरवा, ते घरी येतील का हेही विचारा. त्या औषधाचा अंश शरीरात उरतो आणि उकरून खाणारी जनावरं, पक्षी त्याने मरतात, म्हणून दहन करा किंवा चार फुटांहून खोल पुरा.