पुण्यातील कथक : शिक्षण आणि सादरीकरण

कथक हे उत्तर भारतातील शास्त्रीय नृत्य असून लखनौ, जयपूर व बनारस ही त्याची प्रमुख घराणी होत. पुण्यात ते रुजले मध्यमवर्गीय घरांतल्या मुलींमुळे, आणि याचे मोठे श्रेय रोहिणी भाटे (१९२४–२००८) यांचे. भल्या घरच्या मुलीने रंगमंचावर नाचणे सहजी खपत नव्हते, अशा काळात त्यांनी १९४७ मध्ये ‘नृत्यभारती’ ही नृत्यसंस्था सुरू केली. जयपूर घराण्याचे सोहनलाल, लखनौचे लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडे त्या शिकल्या. गाण्याची तालीम केशवराव भोळे व वसंतराव देशपांडे यांच्याकडे घेतली. पुण्याच्या कथकात पुढे जो अभ्यासू, काहीसा चिकित्सक सूर आला, तो बराचसा त्यांचाच.

शिक्षण तत्काराने, म्हणजे बोलांवर तालात पाय मारण्याने, सुरू होते. ‘ता थेई थेई तत्’ला उजवा, डावा, उजवा, डावा, ‘आ थेई थेई तत्’ला नेमके उलट. त्रितालाच्या सोळा मात्रांत हे आठ पदन्यास बसवायचे, मग दुगुण (दुप्पट लयीत), मग चौगुण (चौपट लयीत). पाय बसेपर्यंत हात कमरेवरच. कित्येक मुलींचा उत्साह इथेच ओसरतो. तोडे-तुकडे, म्हणजे बोलांच्या छोट्या बांधीव रचना, येऊ लागले, की नाचण्याआधी ते हातावर ताल धरून म्हणून दाखवावे लागतात. याला पढंत म्हणतात. त्रितालात पहिल्या, पाचव्या व तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला खाली (टाळी न देता हात नुसता उलटा करणे). तोंडी बोल चुकला की तो पायांतही हमखास चुकतो, म्हणून पढंत कच्ची असलेल्या विद्यार्थिनीच्या पायांत घुंगरू बांधायची घाई जाणते गुरू करीत नाहीत.

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारदपर्यंतच्या परीक्षा बहुतेक वर्गांत दिल्या जातात. प्रमाणपत्रांची ही ओढ पुणेरीच म्हणावी लागेल. पण तिच्यामुळे क्रमिक पुस्तकापुरते का होईना, शास्त्र वाचले जाते. दहावीचे वर्ष आले, की मात्र वर्गातली गर्दी ओसरते. जे टिकतात त्यांना पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात (स्थापना १९८७) नृत्यात पदवी घेता येते. शहरातील शैली एकच नाही. मनीषा साठे बनारस घराण्याच्या गोपीकृष्णांच्या शिष्या, तर शमा भाटे रोहिणीताईंच्या. शमाताईंच्या ‘नादरूप’ या संस्थेने समूहरचनांवर विशेष भर दिला.

एकल मैफलीत वंदनेनंतर थाट (डौलदार उभे राहणे), आमद (प्रवेशाची रचना), तोडे, परण (पखवाजाच्या बोलांची रचना), गतनिकास (डौलदार चाली) अशी चढती मांडणी असते आणि ठुमरी किंवा भजनावर भाव केला जातो. हार्मोनियमवर किंवा सारंगीवर नगमा, म्हणजे तालाचे आवर्तन दाखवणारी सुरावट, अखंड फिरत राहतो. तिहाई (तीनदा म्हटलेला बोल) समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, पडली की दाद मिळते. न पडली तरी सवाई गंधर्व महोत्सवात कान तयार झालेल्या पुणेकरांना ते लगेच कळते.

नुसत्या कार्यक्रमांवर पोट भरणाऱ्या नर्तकी विरळाच. सभागृहाचे भाडे, तबलजी, गायक व नगमा धरणारा यांचे मानधन, ध्वनी व प्रकाश यांचा खर्च पुष्कळदा पदरमोड करूनच भागवला जातो. उदरनिर्वाह चालतो तो स्वतःच्या वर्गावर, त्यामुळे तिशीच्या आतच नर्तकी ‘ताई’ होते आणि तिचा स्वतःचा रियाज शिष्यांच्या वेळापत्रकात कोंबला जातो. गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमात सगळ्यांत लहान गट तत्कार करतो, ज्येष्ठ शिष्या एकल नाचतात आणि ताई बहुधा रंगमंचाच्या कडेला बसून पढंत करतात.