अफवेचं आडनाव का बुडत नाही?

२०१६ च्या नोव्हेंबरात नोटबंदी झाली आणि चार दिवसांत एक मजकूर मोबाईलवरून मोबाईलवर फिरू लागला. दोन हजारांच्या नव्या नोटेत म्हणे ‘नॅनो जीपीएस चिप’ आहे, जमिनीखाली १२० मीटर पुरली तरी उपग्रहाला सापडते, आणि काळा पैसा दडवणाऱ्यांना पकडायचा हा सरकारचा गुप्त डाव आहे. काही वृत्तवाहिन्यांनीही तो रंगवून दाखवला. रिझर्व्ह बँकेने असं काही नाही म्हणून सांगितलं. खरं तर त्यासाठी रिझर्व्ह बँकेचीही गरज नव्हती. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फक्त संदेश पाठवतात. आपण कुठे आहोत हे उलट कळवायचं तर प्रेषक लागतो, आणि प्रेषकाला वीज लागते. कागदाच्या नोटेत बॅटरी कुठून येणार? तळघरात शिरलं की मोबाईलवरचा नकाशा गोंधळतो, तिथे १२० मीटर माती-मुरमाची काय कथा!

तरीही जालन्यात, परभणीत मोंढ्यावर बसलेला एखादा अडत्या पुढे कितीतरी दिवस सांगायचाच, “चिप नसंल मास्तर, पण काहीतरी घातलंय बघा त्यात.”

यावर सुशिक्षितांचं ठरलेलं उत्तर असतं: लोक अडाणी आहेत. मला ते पटत नाही. मजकूर पुढे ढकलायला त्यावर विश्वास असावाच लागतो असं नाही. “खरं-खोटं देव जाणे, आपल्या माणसांना कळवून ठेवावं” एवढी आपुलकी पुरते. म्हणून अफवा कोणाला पटते हा प्रश्न बाजूला ठेवून ती वाढते कशी एवढंच पाहू. त्याचं गणित फार देखणं आहे, आणि ते मोबाईलच्या शंभर वर्षं आधीचं आहे.

१८७० च्या दशकात इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टन या शास्त्रज्ञाला प्रश्न पडला होता की मोठमोठ्या घराण्यांची आडनावं बुडतात का? आडनाव मुलाकडून पुढे जातं. कोणाला तीन मुलगे, कोणाला एक, कोणाला एकही नाही. मग कितव्या तरी पिढीत वंश खुंटण्याची शक्यता किती? हेन्री वॉटसन या गणितज्ञाच्या मदतीने त्याने हे मांडलं. पुढे हेच गणित अणुभट्टीतल्या न्यूट्रॉनांना लागू पडलं, साथीच्या रोगांना लागू पडलं, आणि आता फॉरवर्डलाही पडतं.

मुलग्याच्या जागी ‘मजकूर पुढे पाठवणारा माणूस’ ठेवा. एका पाठवणाऱ्यामुळे सरासरी किती नवे पाठवणारे तयार होतात, त्या संख्येला गुणक म्हणू. गुणक १ पेक्षा कमी असेल तर अफवा आज ना उद्या संपते, आणि संपेपर्यंत सरासरी एकूण किती जण ती पाठवतात त्याचं सूत्र आहे १ ÷ (१ − गुणक). गुणक ०.९ असेल तर १० जण, ०.९५ असेल तर २०, ०.९९ असेल तर १००. शेवटचे आकडे पुन्हा पाहा. गुणक जेमतेम चार शतांशांनी वाढला आणि पाठवणारे पाचपट झाले. १ ओलांडला की सूत्रच मोडतं, कारण वाढीला मर्यादा उरत नाही.

आता खुलाशाकडे या. ‘हे खोटं आहे’ असं कळल्यावर समजा दहातला एक पाठवणारा थांबतो. गुणक १.०५ होता तो ०.९४५ झाला, म्हणजे अफवा अठरा-एकोणीस माणसांत आटोपली. पण गुणक ३ असेल तर तो २.७ होतो, आणि काहीही फरक पडत नाही. खुलासा तोच, मेहनत तीच. एका ठिकाणी तो रामबाण, दुसऱ्या ठिकाणी नुसती शोभा.

गुणक १ च्या वर असला तरी अफवा पसरेलच असंही नाही. समजा पाठवणाऱ्यामागे दोन नवे पाठवणारे तयार होण्याची शक्यता तीन-चतुर्थांश आणि एकही न होण्याची एक-चतुर्थांश. गुणक झाला १.५. अफवा मरण्याची शक्यता ‘क्ष’ धरा. ती एक तर पहिल्याच घरी मरेल, नाहीतर तिच्या दोन्ही फांद्या स्वतंत्रपणे मराव्या लागतील. म्हणून क्ष = १/४ + (३/४)क्ष². दहावीचं वर्गसमीकरण आहे हे. सोडवलं की उत्तरं येतात १ आणि १/३, आणि त्यातलं लहान ते खरं. म्हणजे चांगली जोमदार अफवासुद्धा तीनात एकदा आपोआप मरते. पण तिच्याच तीन आवृत्त्या तीन वेगवेगळ्या ठिकाणी सोडल्या तर तिन्ही मरण्याची शक्यता सत्तावीसात एक! राजकीय मजकुराचे कारखाने एकाच गोष्टीला दहा चेहरे देऊन का सोडतात ते इथे कळतं. खुलाशाचा मसुदा मात्र एकच असतो, बहुधा लांबलचक, आणि तो पहिल्याच घरी मरतो.

गुणक ठरतो तीन गोष्टींवर: एक माणूस किती जणांपर्यंत पोहोचतो, त्यातल्या किती जणांना मजकूर नवा असतो, आणि नवा वाटलेल्यांपैकी कितीजण तो पुढे ढकलतात. खुलाशाचा जोर फक्त तिसऱ्यावर चालतो. पहिल्या गोष्टीवर कंपनीचा ताबा असतो. व्हॉट्सॲपने २०१८ च्या जुलैत भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल असं केलं. २०२० च्या एप्रिलमध्ये फार फिरलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं ठरलं. त्यानंतर असे फॉरवर्ड ७० टक्क्यांनी घटल्याचं कंपनीने सांगितलं. मजकूर खरा की खोटा हे कोणी तपासलं नव्हतं, फक्त गुणाकारातला एक आकडा लहान केला होता.

दुसरी गोष्ट आपल्या मराठवाड्यात मजेशीर आहे. गावातल्या ग्रुपांत माणसं तीच ती. गावकरी मंडळ, दहावीची बॅच, सोयाबीन-कापसाचे भाव, सप्ताह कमिटी, सगळीकडे तेच दोनशे नंबर. त्यामुळे अफवा गावात लवकर शिळी होते. पण बीडच्या ऊसतोड मुकादमाचा ग्रुप सांगली-कोल्हापूरपासून कर्नाटकातल्या कारखान्यांपर्यंत पसरलेला असतो, आणि पोरं पुण्याला कंपनीत असतात. तिथल्या लोकांना तोच मजकूर कोरा असतो. गावात मेलेली अफवा अशा एका दुव्यावरून निसटते आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या वाटेने गावात परत येते.

यात यंत्रांना फार दोष देऊ नये. २०१८ साली ‘सायन्स’ या संशोधनपत्रिकेत ट्विटरवरच्या २००६ ते २०१७ मधल्या सुमारे १,२६,००० बातम्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खऱ्यापेक्षा ७० टक्के जास्त निघाली. १५०० लोकांपर्यंत पोहोचायला खऱ्या बातमीला सहापट वेळ लागला. राजकीय खोटं सगळ्यात वेगवान होतं. बॉट, म्हणजे आपोआप मजकूर टाकणारी खाती, वगळून मोजलं तरी निष्कर्ष तोच, कारण नवलाची हौस माणसांनाच. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध प्यायला तेव्हा कुठला अल्गोरिदम होता? एसटीडी बूथवर देशभर काम झालं. पृष्ठताण आणि केशाकर्षण यांचं (द्रव पृष्ठभागाला चिकटून आपोआप ओढला जातो, असं) स्पष्टीकरण शास्त्रज्ञांनी लगेच दिलं होतं, तरी २००६ मध्ये देवांना पुन्हा तहान लागली.

अफवा परत येण्याचं एक कारण डोक्याच्या आतही आहे. १९९४ मध्ये हॉलिन जॉन्सन आणि कॉलीन सायफर्ट या मानसशास्त्रज्ञांनी काही लोकांना गोदामाला लागलेल्या आगीची हकीकत तुकड्यातुकड्यांनी वाचायला दिली. आधी कळतं की एका कपाटात तेलरंगाचे डबे आणि गॅसच्या टाक्या होत्या. पुढे खुलासा येतो की कपाट रिकामं होतं. हा खुलासा लोकांना आठवत होता, तरी “एवढा धूर कशाने झाला?” असं विचारलं की ते रंगाकडेच बोट दाखवत. मात्र कोणीतरी मुद्दाम आग लावल्याचे पुरावे सापडल्याचं सांगितलं तेव्हा रंगाचा उल्लेख बराच घटला. नुसतं ‘नाही’ म्हटलं की कारणाची जागा मोकळी राहते, आणि जुनं कारण तिथे येऊन बसतं.

बीड-धाराशिवच्या माळावर पवनचक्क्या उभ्या राहिल्यापासून पावसाने ओढ दिली की “कंपनीने पुढाऱ्यांना हाताशी धरून पाऊस पळवला” ही कुजबुज असतेच. पाती फार तर दोन-अडीचशे मीटर उंच जातात आणि पावसाळी ढग कित्येक किलोमीटर उंच वाढतात, हे सांगून झालं आहे. त्याने काम भागत नाही, कारण मग पाऊस गेला कुठे हा प्रश्न तसाच राहतो. अरबी समुद्रावरून येणारे वारे सह्याद्री चढताना बरंचसं पाणी घाटमाथ्यावर टाकून मोकळे होतात. पलीकडे उतरताना हवा तापते, कोरडी होते. मराठवाड्याचा मोठा भाग या पर्जन्यछायेत येतो. बंगालच्या उपसागरावरचे कमी दाबाचे पट्टे इकडे सरकले नाहीत की मधले तीन-चार आठवडे कोरडे जातात. ग्रुपवर टाकायचं तर एवढं टाकावं, आणि त्यात पवनचक्कीचं नावही घ्यायची गरज नाही.