मरियामाता ही कॅथलिकांची ‘देवी’ नव्हे

तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, अंबाजोगाईची योगेश्वरी. मराठवाड्याला आईच्या रूपातली देवी परकी नाही. म्हणून छत्रपती संभाजीनगरकडच्या एखाद्या चर्चमध्ये येशूची आई मरिया हिच्या पुतळ्यापुढे मेणबत्त्या दिसल्या, की ‘ही ख्रिस्ती लोकांची देवी’ असं सर्रास बोललं जातं. त्यामागचा आदर मोलाचा आहे, पण समज चुकीचा आहे.

कॅथलिक श्रद्धेत आराधना फक्त देवाची. मरिया माणूसच, नाझरेथची एक यहुदी मुलगी. रोझरीची, म्हणजे जपाची, माळ पाहा: ५३ लहान मणी, प्रत्येकावर ‘नमो मरिया’. त्या प्रार्थनेत तिच्याकडे मागणं एकच, आम्हा पाप्यांसाठी देवाकडे विनंती कर. भाविक नवसही बोलतात, ते खरं. पण मिस्साबली, म्हणजे चर्चमधली भाकर-द्राक्षारसाची मुख्य उपासना, तिला कधीच अर्पण होत नाही.

मग ‘देवमाता’ का? इ.स. ४३१ मध्ये इफिससच्या धर्मपरिषदेने ही पदवी मान्य केली, तीही ख्रिस्ताविषयीच्या वादातून. येशू एकच व्यक्ती, पूर्ण देव आणि पूर्ण मानव. म्हणून त्याला जन्म देणारी देवमाता. देवाला अस्तित्व तिने दिलं, असं कुणीच मानत नाही.

दुसरा घोळ तर नेमाने चर्चला जाणाऱ्यांचाही होतो. ८ डिसेंबरचा निष्कलंक गर्भसंभवाचा सण येशूच्या गर्भसंभवाचा नाही. येशूच्या गर्भसंभवाचा सण २५ मार्चला. मरिया स्वतः आपल्या आईच्या, अन्नाच्या उदरात आली ती आदिपापाच्या, म्हणजे प्रत्येक माणसाला उपजतच लागणाऱ्या पापाच्या, डागाविना, ही ती श्रद्धा. नववे पोप पायस यांनी १८५४ मध्ये ती जाहीर केली. ८ डिसेंबरपासून नऊ महिने मोजा, ८ सप्टेंबर येतो: मरियेचा जन्मदिवस.