फानछिए

फानछिए : एका चिनी अक्षराचा उच्चार दुसऱ्या दोन अक्षरांच्या साहाय्याने सांगण्याची जुनी कोशपद्धती. वरच्या (पहिल्या) अक्षराचे आद्य व्यंजन घ्यायचे, खालच्या (दुसऱ्या) अक्षराचा उरलेला भाग सुरासकट (सूर म्हणजे अर्थ बदलणारी आवाजाची चढउतार) घ्यायचा आणि दोन्ही जोडायचे. लू फायानचा छिएयुन हा यमककोश (६०१) आणि त्यावरून वाढवलेला, २०६ यमकवर्गांचा ग्वांगयुन (१००८) यांत उच्चार असेच दिले आहेत.

उगमाबद्दल एकमत नाही. सहाव्या शतकातील यान जितुई याचे श्रेय तिसऱ्या शतकातील सुन यानला देतो. परंतु हान काळाच्या अखेरीस होऊन गेलेल्या फू छिएन व यिंग शाओ यांच्या टीकांतही असे उच्चार आढळतात. तेव्हा आरंभ साधारण दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात मानणे सयुक्तिक ठरते. सुंग काळातील चेन झेनसुनच्या मते ही विद्या पश्चिमेकडील प्रदेशांतून आली, आणि पुढील अनेकांनी तिचा संबंध बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अध्ययनाशी जोडला. उलट पक्ष दाखवतो, की दोन शब्द आकसून एक होणे चिनीत पूर्वापार आहे : झि + यू = झू. शिवाय संस्कृत वर्णविचार प्रत्येक स्वर-व्यंजन सुटे करतो. फानछिए अक्षराला एकच छेद देते. म्हणून पद्धत देशी, पण संस्कृतच्या परिचयाने ती फोफावली, हे मत अधिक पटते. नंतरच्या छत्तीस आद्य व्यंजनांच्या कोष्टकांवर मात्र भारतीय छाप उघड आहे : त्यांतील कंठ्य वर्ग क, ख, ग, ङ असाच लावलेला आहे.

ग्वांगयुनमध्ये ‘पूर्व’ या अर्थाच्या अक्षराला तक् + हुंग = तुंग, तर ‘सारखा’ या अर्थाच्या अक्षराला दु + हुंग = दुंग असा उच्चार आहे (मध्ययुगीन उच्चार, स्थूलमानाने). आजच्या बीजिंग उच्चारांनी जोडल्यास पहिले उदाहरण फसते. हुंग आज दुसऱ्या सुरात आहे, म्हणून तुंगही दुसऱ्या सुरात वाचला जातो. प्रत्यक्षात त्याचा सूर पहिला आहे. कारण, मध्ययुगीन चार सुरांपैकी सम सुराचे पुढे दोन भाग पडले, तेही आद्य व्यंजनानुसार : अघोष (उदा. त) असेल तर पहिला, घोष (उदा. द) असेल तर दुसरा. म्हणजे सुराचा वर्ग खालच्या अक्षरातून, पण त्याचा भाग वरच्यातून ठरवावा लागतो. बीजिंगमध्ये दुंगचे थुंग झाले. सुजौ-शांघायच्या वू बोलीत द टिकला आहे, त्यामुळे ताळा तिथे पाहावा.

चिनी विद्वान चेन लीने १८४२ मध्ये ग्वांगयुनमधील ४५२ वरची अक्षरे साखळीने जोडून (एका अक्षराचा उच्चार ज्या वरच्या अक्षराने सांगितला, ती दोन्ही एकाच वर्गात) त्यांचे ४० वर्ग पाडले. अडचण अशी, की ता व तक् एकमेकांनी आणि तु व तांग एकमेकांनी सांगितलेले. दोन जोड्या, साखळी तुटलेली. ‘गोठणे’ या अर्थाचे अक्षर मात्र कोशात दोन यमकांखाली येते : त्याचा एकच उच्चार एकीकडे तु + कुंग, दुसरीकडे ता + कुंग असा दिला आहे. त्यावरून चारही एका वर्गात आली. अतिशय नेटके काम आहे हे.

यातून वर्ग कळतो, प्रत्यक्ष ध्वनी नाही. तो स्वीडिश चिनी-अभ्यासक बर्नहार्ड कार्लग्रेनने (१९१५–२६) चिनी बोली आणि जपान, कोरिया, व्हिएतनाममधील उच्चारांवरून ठरवला. छिएयुन ही तत्कालीन राजधानी छांगआनची बोली हे त्याचे गृहीतक आज फारसे मान्य नाही. प्रस्तावनेवरून तो कोश उत्तर-दक्षिण परंपरांचा मेळ दिसतो. ‘ट’ वर्गाला कार्लग्रेनने तालव्य मानले. चिनी भाषाशास्त्रज्ञ लुओ छांगपेईने १९३१ मध्ये संस्कृत शब्दांच्या चिनी लिप्यंतरांवरून तो मूर्धन्य ठरवला.

काही नोंदी छिएयुनहून जुन्या वळणाच्या आहेत. ‘खुंट’ या अर्थाच्या अक्षराला ग्वांगयुन तु + कौंग देतो. कोष्टके त्याला ‘ट’ वर्गात घालतात. त आणि ट वेगळे होण्यापूर्वीची ही खूण होय. आग्नेय चीनमधील मिन बोलींत हा जुना त अजून ऐकू येतो : डुकराला बीजिंगमध्ये झू, शियामेनमध्ये ती.