परदेशात जन्मलेल्या मुलाचे भारतीय नागरिकत्व: ठाणे-नवी मुंबईच्या पालकांनी काय करावे

आईवडिलांपैकी एक जण भारतीय असला की परदेशात जन्मलेले मूल आपसूक भारतीय ठरते, असे अनेक पालक धरून चालतात. ३ डिसेंबर २००४ पासून कायदा तसा नाही. नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ४ नुसार जन्माची नोंद एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत व्हावी लागते. (१० डिसेंबर १९९२ पूर्वीच्या जन्मांना तर फक्त वडिलांचे नागरिकत्व धरले जाई; आईचे त्या दिवसापासून धरले जाऊ लागले.)

अर्ज गृह मंत्रालयाच्या नागरिकत्व पोर्टलवर भरून त्याची प्रत जन्म झाला त्या देशातील वकिलातीत द्यायची. सोबत तिथला जन्मदाखला, दोन्ही पालकांचे पासपोर्ट व व्हिसा आणि विवाह नोंदणीचा दाखला. अर्ज अडतो तो बहुधा नावांवर. आईच्या पासपोर्टवर माहेरचे आडनाव, जन्मदाखल्यावर सासरचे. किंवा अरबीतून इंग्रजीत आलेले स्पेलिंग निराळे. दाखला हातात पडताच एकेक अक्षर पासपोर्टशी ताडून पाहा, दुरुस्ती तिथेच करून घ्या. लग्नाची नोंद राहिली असेल तर बाळंतपणाआधीच महापालिकेत उरका.

मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असे पालकांना लिहून द्यावे लागते. अमेरिकेत किंवा कॅनडात जन्मलेल्या बाळाचा तिथला पासपोर्ट घाईने काढला की हा मार्ग बंद होतो. मग उरते ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारतात येण्या-राहण्याची मुभा देणारे), पण ते नागरिकत्व नव्हे: मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. आखातात मुलाला तिथले नागरिकत्व मिळत नाही, त्यामुळे तिथे वर्ष वाया घालवणे अधिकच महागात पडते.

वर्ष उलटले तर केंद्र सरकारची परवानगी लागते. उशिराचे कारण आणि त्याचे पुरावे जोडून वकिलातीमार्फतच अर्ज करा. आमच्या मते ही मुदत शिथिल व्हायला हवी. उशीर पालकांकडून होतो आणि हक्क मुलाचा अडकतो.

मूल परदेशी पासपोर्टवर इथे राहत असेल तर कलम ५(१)(ड) खाली, ते अठरा वर्षांचे होण्याआधी, नोंदणीचा अर्ज करता येतो. पोर्टलवर अर्ज भरल्यावर मूळ कागद जिल्हाधिकारी कार्यालयात तपासले जातात. इथे नवी मुंबईकरांची गल्लत होते. ऐरोली, वाशी, नेरुळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतात. खारघर, कामोठे, उलवे रायगडमध्ये, म्हणजे त्यांचे जिल्हाधिकारी कार्यालय अलिबागला. मुलाचा व्हिसा चालू ठेवा. पुढे परदेशी नागरिकत्व सोडल्याचा पुरावा मागतात, आणि अमेरिकन कायद्यात पालकांना मुलाच्या वतीने ते सोडता येत नाही. हे अर्जापूर्वीच ध्यानात घ्या.

कायमचे परतणाऱ्यांना, वकिलातीत नोंद झालेली नसल्यास, मूल भारतात आल्यापासून ६० दिवसांत इथल्या निबंधकाकडे जन्मनोंद करता येते. त्यानंतर विलंबाचे नियम लागतात. शाळाप्रवेशाला हा दाखला उपयोगी पडतो, पण त्याने नागरिकत्व मिळत नाही.

वकिलातीत नोंद झालेल्या मुलाकडे जन्माने दुसरे नागरिकत्वही असेल, तर अठरा पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांत ते सोडावे लागते. नाही सोडले तर भारतीय नागरिकत्व संपते.