रिपोर्ट नॉर्मल आला की कोलेस्टेरॉलची गोळी बंद? नाही हो!

आमच्या काकांचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १६८ वरून ९२ वर आलं, आणि त्याच दिवशी त्यांनी फ्रीजवरच्या डब्यातली ॲटोरव्हास्टॅटिनची स्ट्रिप उचलून कपाटात टाकली, म्हणे आता नॉर्मल आलं ना मग कशाला उगीच गोळी. हे घरोघरी चालतं आणि हे साफ चूक आहे. तीन महिन्यांनी परत तपासलं तर १६१.

कारण रक्तातलं बरंचसं कोलेस्टेरॉल आपलं लिव्हरच बनवतं. स्टॅटिन, म्हणजे काकांच्या त्या गोळीच्या प्रकारचं औषध, लिव्हरमधलं ते बनवणारं एन्झाइम अडवतं, मग लिव्हर रक्तातून एलडीएल जास्त ओढून घेतं, म्हणून आकडा उतरतो. गोळी थांबली की एन्झाइम परत कामाला लागतं आणि काही आठवड्यांत सगळं पहिल्यासारखं. हा अँटिबायोटिकसारखा पाच दिवसांचा कोर्स नाही, बीपीच्या गोळीसारखं आहे. ९२ हा आकडा गोळी चालू असतानाचा होता!

खाण्याने फरक पडतोच, वनस्पती तुपातली खारी आणि बटर कमी करा, मटकी, राजमा, ओट्स वाढवा, रोज अर्धा तास चाला, सिगारेट सोडा. थोडंसंच वाढलेलं असेल तर काहींना एवढं पुरतं. पण अटॅक येऊन गेलाय, स्टेंट आहे, किंवा घराण्यातच लहान वयापासून खूप जास्त आहे, तर नुसत्या पथ्यावर राहू नका प्लीज. आणि गोळीने पाय दुखतात असं वाटलं तर परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगा, डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं.